रिकामी खुर्ची आणि आंधळी सही



10 जुलै 2024 रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्याची भूमी हादरली. धक्क्याची तीव्रता 4.5 होती आणि त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांड्याजवळ होते. त्याच वर्षी 21 मार्चच्या पहाटेही तेवढाच मोठा धक्का बसला होता. दोन्ही वेळी बहुतेक वर्ग रिकामे होते, म्हणून आपण निश्चिंत झालो. परंतु भूकंप काय शाळेचे वेळापत्रक पाहून येतो?

त्यानंतर ह्याच जिल्ह्यातील एका खेड्यातले चार पालक माझ्याकडे आले. वर्गाच्या भिंतीला हात शिरेल एवढी भेग पडली होती. शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त मी मागविले. त्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले होते : ‘इमारत सुस्थितीत आहे.’ खाली ओळीने सह्या. त्या चौघांपैकी एकाने वहीवर बोट ठेवले आणि खाली मान घातली. ती सही त्याचीच होती. सभा झालीच नव्हती. वही घरी आली, बोट दाखविले तेथे त्याने सही केली, वही गेली.

वाचकहो, ह्यात दोषी कोण? वही फिरविणारा दोषी आहेच. पण न वाचता सही करणारे आपण निर्दोष आहोत काय?

कायदा काय सांगतो ते नीट ऐका. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे. त्याच्या कलम 21 अन्वये समितीचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. ‘तुम्ही आता बौद्ध झालात, तुमची जागा कसली?’ असे कोणी म्हणेल तर त्याला सांगा की, 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींचे स्थान कायद्यानेच दिले आहे. ती जागा कोणाच्या मेहेरबानीची नव्हे. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी आणि कुंपण ही त्याच कायद्याची मानके आहेत. तमिळनाडूत कुंभकोणम येथे 2004 साली शाळेला आग लागून नव्वदहून अधिक बालके होरपळून मेली. त्या दुर्घटनेच्या अनुषंगाने सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली निर्णय दिला की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे.

धोका केवळ भिंतींचा नसतो. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या बालिकांवरील अत्याचार उघडकीस आला, तेव्हा संतप्त लोकांनी लोहमार्ग अडविला. तो संताप रास्त होता. पण अनर्थ झाल्यावर रस्त्यावर उतरणारा समाज अनर्थापूर्वी सभेत का बसत नाही? शाळेत कोण येतो-जातो, स्वच्छतागृहाच्या दाराला कडी आहे की नाही, छडी चालते की नाही, हे कोणी विचारावयाचे? कलम 17 ने मुलाला मारण्यास आणि त्याच्या मानसिक छळास बंदी केली आहे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांस कळविणे हे 2012 च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. ‘गावाची अब्रू’ म्हणून ती दडपणारा स्वतःच गुन्हेगार ठरतो.

ह्याचा अर्थ गुरुजींशी वैर मांडा असा नव्हे. एकट्या मुख्याध्यापकाचे मागणीपत्र पंचायत समितीच्या कपाटात धूळ खात पडते. त्याच पत्रामागे पालकांचा ठराव उभा राहिला की, ते बाजूला सारणे कठीण जाते. आपण पाठीशी नसतो म्हणून पुष्कळ भले शिक्षक गप्प बसतात. त्यांना आपले बळ द्या आणि त्यांच्याकडून हिशेब घ्या. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

म्हणून पुढील सभेस जा. पुरुष ऊसतोडीला गेला असेल तर मातेने जावे. तो तिचाच अधिकार आहे. इतिवृत्त मोठ्याने वाचून घ्या, पटले तरच सही करा, न पटल्यास आपला विरोध त्यात नोंदवा. भेग पडलेल्या खोलीत वर्ग न भरविण्याचा ठराव करा आणि शाळा विकास आराखड्यात दुरुस्ती घाला. दाद लागली नाही तर कलम 32 अन्वये जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा. पोच घेतल्याविना परतू नका.

साताऱ्याच्या शाळेत बालभीमाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. आज शाळेच्या सभेत आपल्यासाठी कायद्याने खुर्ची मांडली आहे. ती आपणच रिकामी ठेवली, तर उद्या कोसळणाऱ्या भिंतीखाली सापडलेल्या लेकराला आपण कोणते तोंड दाखविणार?