औद्योगिक अभियांत्रिकी : घड्याळ कोणाच्या हाती?

स्थापत्य अभियंता पूल बांधतो, यांत्रिकी अभियंता यंत्र घडवितो. औद्योगिक अभियंता काय घडवितो, हा प्रश्न प्रवेशाच्या हंगामात पालक विचारतात आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मुलाला दुसऱ्या शाखेकडे वळवितात. उत्तर वस्तुतः सोपे आहे. औद्योगिक अभियंता माणसाचे काम घडवितो. एका कामगाराने किती यंत्रे सांभाळावीत, माल कोणत्या मार्गाने फिरावा, नग किती मिनिटांत व्हावा, विसावा किती मिळावा, हे ठरविण्याचे शास्त्र तो चार वर्षे शिकतो. कार्याभ्यास, कारखान्याची मांडणी, मालसाठ्याचे नियोजन, गुणवत्ता नियंत्रण, संक्रिया संशोधन आणि मानवी शरीराच्या क्षमतेचा अभ्यास हे या पदवीचे प्रमुख विषय होत. श्रमिकांच्या जीवनाशी इतका निकटचा संबंध असलेली दुसरी अभियांत्रिकी शाखा नसेल. तरीही श्रमिक चळवळीने तिच्याकडे एक तर संशयाने पाहिले, नाही तर पाहिलेच नाही.

संशयाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. या शास्त्राचे जनक मानले गेलेले फ्रेडरिक टेलर यांचा ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ हा ग्रंथ 1911 साली प्रसिद्ध झाला. बेथलेहेम पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल हलवीत असे. शास्त्रीय पद्धतीने तो 47 टन हलवू लागला आणि त्याची मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 डॉलर झाली, असे टेलर यांनी त्यात अभिमानाने नमूद केले. या वृत्तान्ताच्या अचूकतेविषयी पुढे संशोधकांनी शंका घेतल्या. परंतु तो जसाच्या तसा स्वीकारला तरी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यातील मर्म दिसेल. काम पावणेचारपट झाले आणि मजुरी दीडपटीच्या थोडी वर गेली. वाढलेल्या उत्पादनाची वाटणी कोणत्या न्यायाने झाली, याचे उत्तर त्या शास्त्रात नव्हते. त्याच वर्षी वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारातील ओतकाम करणाऱ्या कामगारांनी वेळमापनाविरुद्ध संप केला. प्रकरण अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेले आणि पुढे सरकारी निधीतून अशा घड्याळी मोजणीवर खर्च करण्यास बंदी आली.

मुंबईच्या गिरणगावाने हाच झगडा 1928 साली अनुभवला. कार्यक्षमतेच्या नावाखाली दोनऐवजी तीन साचे सांभाळण्याची आणि सूतखात्यात फ्रेमच्या एका बाजूऐवजी दोन बाजू पाहण्याची सक्ती होऊ लागली. त्याबरोबर कामगारकपात आणि मजुरीतील घट आली. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले. हे काम नव्याने आखताना कामगाराला कोणी विचारले नव्हते, हा त्या संघर्षाचा गाभा होता.

त्याच काळातील आणखी एक वस्तुस्थिती या शास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोच धोटा अस्पृश्याच्या तोंडाला लागला तर विटाळ होईल, ही सबब होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्या संपाच्या वेळी हा अन्याय नेत्यांपुढे ठामपणे मांडला. तोंडाने धागा ओढण्याची पद्धत आरोग्यालाही घातक होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 सालीच तिच्याविरुद्ध कायदा केला होता आणि हाताने ओवण्याचे धोटे उपलब्ध होते. कार्याभ्यासाचा पहिला नियम असा की, कामातील प्रत्येक हालचालीला ‘ही कशासाठी? ही टाळता येईल काय?’ असे विचारावे. मुंबईत साच्यांची संख्या मोजणाऱ्यांनी तो प्रश्न धोट्याला विचारला नाही. धोटा बदलल्याने जात नष्ट झाली नसती हे खरे. परंतु तिची एक सबब निश्चित गळून पडली असती. काम कसे आखले जाते यात समाजरचना दडलेली असते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागणार नाही.

मग हे शास्त्र निव्वळ तटस्थ गणित आहे, हा दावा तपासला पाहिजे. समजा, एक नग करण्यास निरीक्षणात दोन मिनिटे लागली. निरीक्षकाने कामगाराची गती शंभर टक्के मानली आणि विसावा व गरजांसाठी 15 टक्के सवलत धरली, तर प्रमाण वेळ 2.30 मिनिटे येतो आणि आठ तासांच्या पाळीत 208 नगांची अपेक्षा ठरते. त्याच निरीक्षकाने ‘हा गडी जरा संथ आहे’ असे म्हणून गती 90 टक्के धरली, तर प्रमाण वेळ 2.07 मिनिटांवर येतो आणि अपेक्षा 231 नगांवर जाते. घड्याळ तेच, कामगार तोच. एका माणसाच्या मतामुळे 23 नग वाढले. हे मत मालकाने नेमलेल्या माणसाचे असते. कामगाराच्या प्रतिनिधीला हे गणित येत नसेल, तर तो फक्त आरडाओरडा करू शकतो; वाटाघाटी करू शकत नाही.

अमेरिकेतील स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने हे वेळीच ओळखले. 1941 साली तिने विल्यम गोम्बर्ग यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा अभियांत्रिकी विभागच उघडला. संघटनेचा अभियंता मालकाच्या अभियंत्याची मोजणी तपासू लागला. आपल्याकडे 1958 साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि 1963 साली मुंबईत पवई परिसरात राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. परंतु संघटनांनी आपले अभियंते घडविण्याची प्रथा येथे रुजली नाही. 2023 साली त्या संस्थेचे रूपांतर भारतीय व्यवस्थापन संस्थेत झाले. नावातून अभियांत्रिकी गेली आणि व्यवस्थापन राहिले, हे कालप्रवाहाशी सुसंगतच म्हणावे लागेल.

‘हे शास्त्रच भांडवलदारांचे, त्याला हात कशाला लावा?’ असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. हॅरी ब्रेव्हरमन यांनी 1974 च्या आपल्या ग्रंथात, कामाची कल्पना एकाकडे आणि कष्ट दुसऱ्याकडे अशी फारकत या पद्धतीने केली, हे प्रभावीपणे दाखविले आहे. ती टीका मान्य करूनही प्रश्न उरतो. टेलरपद्धतीवर 1914 साली कडाडून टीका करणाऱ्या लेनिन यांनी 1918 साली सत्तेवर असताना तिचाच अभ्यास करण्याचे आवाहन केले. मालकी बदलली तरी कामाची आखणी करावीच लागते. ती आखणी कामगारांसह होणार की कामगारांवर लादली जाणार, हा लोकशाही समाजवादाचा प्रश्न आहे.

आज तर निरीक्षकाच्या हातातील घड्याळही दिसेनासे झाले आहे. गोदामातील कामगाराच्या हातचा स्कॅनर आणि घरपोच माल नेणाऱ्याच्या खिशातील मोबाइल त्याचा प्रत्येक क्षण नोंदवितात. अपेक्षेचा आकडा संगणकातील सूत्र ठरविते आणि ते सूत्र कामगाराला माहीत नसते. कॅलिफोर्निया राज्याने 2021 साली कायदा करून गोदामांच्या मालकांवर कामाचा कोटा कामगाराला लेखी कळविण्याचे बंधन घातले. असे सूत्र लिहिणारा आणि ते उलगडून दाखवू शकणारा, दोघेही याच शाखेचे पदवीधर असू शकतात.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरणे आवश्यक आहे. या पदवीच्या अभ्यासक्रमात श्रमाचे अर्थशास्त्र, कामगार कायदे आणि कामगार चळवळीचा इतिहास हे विषय सक्तीचे असावेत. विद्यार्थ्याने घड्याळ हाती घेण्यापूर्वी निदान काही आठवडे यंत्रावर पूर्ण पाळी उभे राहून काम करावे. 15 टक्के सवलतीचा अर्थ त्याला मग पुस्तकाबाहेर कळेल. कामगार संघटनांनी एकत्र येऊन मोजणी तपासणारे अभियंते नेमावेत आणि कारखान्यातील प्रतिनिधींना प्रमाण वेळेचे गणित शिकवावे. आणि कामगार-शेतकऱ्यांच्या घरातील मुलामुलींनी, गुण असतील तर, या शाखेकडे निःसंकोच जावे. ज्याच्या वडिलांनी आठ तास यंत्र चालविले आहे, त्याला थकवा म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. ते ज्ञान आणि गणित एका ठिकाणी आले, तर या शास्त्राची बैठकच बदलू शकेल. हे घडवून आणण्याचे काम विद्यापीठे आपण होऊन करणार नाहीत. ते चळवळीलाच अंगावर घ्यावे लागेल.