रीलमधली बावीसची ऑटोमॅटिक बंदूक : अमेरिकेत किंमत लाखांत, आपल्याकडे सापडली तर किमान ७ वर्षं

गेल्या काही दिवसांपासून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील फिरतंय. अमेरिकेतला एक गडी रानात उभा राहून बारीक गोळीची बंदूक एका दमात रिकामी करतोय. खाली कुणीतरी लिहिलंय, "अमेरिकेने बंदुकीवरचा टॅक्स शून्य केला, आपल्याला डुकरं मारायला अशी कधी मिळणार?" उसात, मक्यात रात्र जागून काढणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. मीही त्यातलाच. पण त्या एका ओळीत इतकी गल्लत आहे की एखादं पोर त्यापायी आत जाऊन बसेल. म्हणून हे लिहितोय.

आधी टॅक्सचं बघू. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने मशीनगन, सायलेन्सर अशा वस्तूंवर २०० डॉलर कर बसवला. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांचा कर खरोखरच शून्य झाला. मशीनगनचा मात्र झालेला नाही, तो अजून २०० डॉलरच आहे. आणि तिथल्या कायद्यात मशीनगन म्हणजे एकदा चाप ओढला की एकाहून जास्त गोळ्या सोडणारं कुठलंही हत्यार. गोळी केवढी, हे कुणी विचारत नाही.

रीलमधली गोळी बावीस बोअरची, म्हणजे रिमफायर. हिच्या काडतुसाच्या बुडाच्या कडेत मसाला भरलेला असतो, पिन त्या कडेवर आपटते. काडतूस स्वस्त, धक्का कमी, आवाज कमी. तिकडे एक गोळी साधारण सात-आठ सेंटला पडते. या गोळीवर चालणारी 'अमेरिकन-१८०' नावाची मशीनगन तिथे बनत होती. वरती ताटासारखं गोल मॅगझीन, त्यात १७७ गोळ्या, आणि मिनिटाला साधारण १२०० गोळ्यांचा वेग. हिशेब करा, नऊ सेकंदांत मॅगझीन खलास. नऊ सेकंदांत हजार-बाराशे रुपये उडाले.

पण खरा खर्च गोळीचा नाही, बंदुकीचा आहे. १९ मे १९८६ नंतर नोंदलेली मशीनगन तिथल्या सामान्य माणसाला घेता येत नाही. त्याआधीच्या जेवढ्या नोंदलेल्या आहेत तेवढ्याच एका हातातून दुसऱ्या हातात फिरतात. माल वाढत नाही, गिऱ्हाईक वाढतंय, मग भाव काय होणार ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. साध्यातली साधी घ्यायची तरी आठ-दहा हजार डॉलर, आणि एम-१६ जातीची तीस हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे आपले पंचवीस लाख. तेवढ्यात नवा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट दारात येतो. त्यातून काही राज्यांत ती ठेवायलाच बंदी. आपल्याकडची जी पोरं एच-१बी व्हिसावर तिकडे आहेत, त्यांना शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर साधी बंदूकही बाळगता येत नाही.

आता आपल्याकडे या. १९५९ च्या हत्यार कायद्याचं कलम २ वाचा. चाप दाबून धरला आणि तो सोडेपर्यंत किंवा मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहिल्या, तर ते प्रतिबंधित हत्यार. इथेही बोअरचा उल्लेख नाही. बावीसची असो नाहीतर लष्कराची, गुन्हा तोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं हत्यार नुसतं जवळ सापडलं तरी कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त १४. बनवलं किंवा विकलं तर १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. लेथवर एखादा पार्ट घासून साधी बंदूक 'फुल ऑटो' करून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर तो तुम्हाला या दुसऱ्या कलमात नेऊन बसवतोय हे ध्यानात घ्या.

एक घोळ नावाचाही आहे. जुन्या परवान्यांवर, पिस्तुलांवर 'ऑटोमॅटिक' असा शब्द दिसतो. बत्तीस एसीपी मधला 'ए' सुद्धा ऑटोमॅटिकचाच. पण ती पिस्तुलं एका चापाला एकच गोळी सोडतात, फक्त पुढची गोळी आपोआप भरली जाते. आजोबांच्या परवान्यावर तो शब्द आहे म्हणून नातवाला मशीनगन चालते, असं होत नाही.

मग शेतकऱ्याला मिळतं काय? पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, हे कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. बावीसची रायफल त्याच कलमात आहे, पण रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीच्या सरावासाठी. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा, पोलिसांचा अहवाल लागतो, परवाना आता ५ वर्षांचा. यात हेलपाटे किती पडतात ते ज्याने घातलेत त्यालाच माहीत. सरकारने कायद्यात शेतकऱ्याची सोय ठेवली आणि फाईल टेबलावर ठेवली, असा हा प्रकार आहे. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते, ते वेगळंच. आणि डुकरं काही आचारसंहिता पाळत नाहीत.

परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली, असंही नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वन विभागाचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. तो कागद हातात नसताना बार काढला तर बंदुकीचा परवाना दाखवून सुटका होत नाही. दोन खाती, दोन कागद.

राहिली छऱ्याची एअरगन. ४.५ मिलिमीटरपर्यंतची, २० ज्यूलच्या आतली असेल तर २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. बाजारात ती 'डुकरं पळवायला' म्हणून खपवतात. तिने डुक्कर मरत नाही. लागलं तर चवताळतं, आणि अंधारात ते कुठून अंगावर येईल याचा नेम नाही.