जर्मन फुलदाणी, लिंबाचं लोणचं आणि माझी चूक

माझ्या कन्सल्टिंग रूममध्ये टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात एक फुलदाणी ठेवलेली असते. खाली भडक केशरी, वर काळा, खरखरीत, फुगून फुटल्यासारखा थर. नवीन पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, ही जळलीय का?" जळलेली नाही. ती पश्चिम जर्मनीतली, साधारण पन्नासेक वर्षांपूर्वीची आहे आणि मुद्दामच तशी केलेली आहे. आज तिच्याबद्दल आणि तिच्यासारख्या बाकीच्यांबद्दल लिहितोय. आरोग्याच्या ब्लॉगवर हे कशाला, ते पुढे कळेलच.

माझी मुलगी शिकायला कोब्लेंझला होती. तिला भेटायला गेलो तेव्हा रविवारच्या जुन्या बाजारात, म्हणजे तिथल्या फ्लोमार्क्टमध्ये, पहिली फुलदाणी आठ युरोला घेतली. कोब्लेंझपासून जवळच वेस्टरवाल्डचा डोंगराळ भाग आहे. त्याला ते लोक कानेनबेकरलांट म्हणतात, म्हणजे सुरया भाजणाऱ्यांचा मुलूख. उत्तम चिकणमाती, जळणाला जंगल आणि विक्रीला ऱ्हाइन नदी. त्यामुळे शेकडो वर्षं तिथे कुंभारकाम चाललं. होएर-ग्रेन्झहाउझेन या गावात सिरॅमिकचं मोठं संग्रहालय आहे. एका दुपारसाठी गेलो आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो. बायकोने तेव्हाच ओळखलं की घरातल्या एका कपाटाचा आता बळी जाणार.

या छंदात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपतात. पहिल्या म्हणजे कारखान्यातल्या फुलदाण्या. युद्धानंतर जर्मनीत नवी घरं उभी राहिली, हातात पैसा आला आणि खिडकीत ठेवायला काहीतरी रंगीत हवं झालं. शॉयरिश, कार्स्टेन्स, रुशा, बाय केरामिक अशा कंपन्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत अशा वस्तू भरमसाट बनवल्या. यांच्या बुडाशी बहुतेक वेळा फक्त 'डब्ल्यू. जर्मनी' आणि आकडे असतात. शॉयरिशच्या '२४२-२२' मध्ये २४२ हा आकाराचा क्रमांक आणि २२ ही सेंटिमीटरमधली उंची. फुगलेल्या लाव्ह्यासारख्या झिलईमुळे संग्राहक आज यांना 'फॅट लाव्हा' म्हणतात. दुसरा प्रकार खऱ्या स्टुडिओ कुंभारांचा. एका माणसाने चाकावर घडवलेलं, स्वतःच झिलई कालवून स्वतःच्या भट्टीत भाजलेलं भांडं. कांडर्न गावचे रिशार्ट बाम्पी, बेआटे कून, यान बॉन्टियस फान बेक ही त्यातली मोठी नावं. फान बेक यांची मुलगी काटो हिला नाझींविरुद्धच्या कामासाठी १९४३ मध्ये बर्लिनला मृत्युदंड दिला गेला. तेव्हा ती जेमतेम बावीस वर्षांची होती. तिच्या वडिलांनी त्यानंतरही कित्येक वर्षं शांत, साधे घट घडवले आणि विद्यार्थ्यांना शिकवलं. संग्रहालयात त्यांचं भांडं दिसलं की मी जरा जास्त वेळ थांबतो. विकत घेण्याची माझी ऐपत नाही.

आता मुद्द्याचं. झिलई म्हणजे मातीवर वितळून बसलेली काच. वाळूतली सिलिका एकटी वितळायला फार उष्णता लागते, म्हणून ती लवकर वितळावी यासाठी तिच्यात दुसरं काहीतरी मिसळतात. शिसं हा त्यातला जुना, स्वस्त आणि दुर्दैवाने अतिशय उत्तम पर्याय. शिशामुळे झिलई कमी तापमानाला वितळते, गुळगुळीत पसरते, चमकते आणि रंग खुलवते. भडक लाल-केशरी हवा असेल तर कॅडमियम आणि सेलेनियम. खड्डे पडलेला लाव्हा हवा असेल तर झिलईत सिलिकॉन कार्बाइड घालतात. ते भट्टीत वायू सोडतं, वितळलेली झिलई उकळी आल्यासारखी फुगते आणि गार होताना बुडबुडे तसेच गोठतात. कारखान्यातला बराच माल १००० ते ११०० अंशांच्या आसपास भाजलेला असतो. १२०० अंशांच्या वर भाजलेल्या स्टोनवेअरच्या झिलईत शिशाची गरजच पडत नाही. म्हणून स्टुडिओचं स्टोनवेअर तुलनेने बरं. पण काही कुंभार सुंदर मॅट निळा रंग मिळवायला बेरियम वापरतात. तेव्हा नुसत्या नजरेने कुठल्याच भांड्याला दाखला देऊ नका.

आता माझी चूक सांगतो.

माझ्या एक जुन्या पेशंट आहेत, सत्तरीच्या आसपासच्या. आपण त्यांना आजी म्हणू. त्यांचा मुलगा काही वर्षं जर्मनीत होता. परत येताना त्याने रुंद तोंडाची, दीडेक फूट उंचीची एक केशरी फुलदाणी आणली. एकदा आजोबांचं बीपी बघायला घरी गेलो होतो, तेव्हा ती जेवणाच्या टेबलाजवळ दिसली. तोंडाला स्वच्छ दादरा बांधलेला. मी काय केलं असेल? बुडाचा आकडा वाचायला ती कलती केली! आजी ओरडल्या, "अहो डॉक्टर, सांडेल ना, लोणचं आहे!" मी हसलो, फुलदाणी सरळ ठेवली, तिचं कौतुक केलं आणि चहा पिऊन घरी आलो. लिंबाचं लोणचं. आंबट, खारट, महिनोन्‌महिने मुरत ठेवलेलं.

सहा-सात महिन्यांनी आजी पोटदुखी, बद्धकोष्ठता आणि थकवा घेऊन आल्या. हिमोग्लोबिन कमी होतं. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. फरक नाही. सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, सगळं नॉर्मल. दरम्यान चिडचिड आणि झोप न येणं सुरू झालं, ते मी वयाच्या खात्यावर टाकलं. शेवटी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला की तांबड्या पेशींमध्ये ठिपके दिसताहेत, शिसं तपासून बघा. त्या क्षणी मला ती केशरी फुलदाणी डोळ्यांसमोर दिसली. रक्तातलं शिसं आलं ५२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. आजोबांचं बरंच कमी निघालं, कारण बीपीमुळे मीच त्यांचं लोणचं बंद केलं होतं.

माझ्यातल्या संग्राहकाने ते भांडं बघितलं आणि डॉक्टर त्या वेळी झोपला होता. यापेक्षा सौम्य शब्दांत मला हे लिहिता येत नाही.

आजींचं काही चुकलं का? माझ्या मते मुळीच नाही. आपल्या घरांत चिनीमातीच्या बरणीवर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे. लोणचं धातूच्या भांड्यात ठेवायचं नाही, बरणीत ठेवायचं, हे त्या लहानपणापासून शिकल्या. आणि ते बरोबरच आहे. बरणी त्याच कामासाठी केलेली असते. फुलदाणी फुलांसाठी असते. दोन्ही वरून चकाकतात, एवढंच साम्य. तुम्हाला कल्हई माहीत आहे. पितळेच्या पातेल्यात आमटी करायची तर आतून कल्हई हवी आणि कल्हईची कथील शुद्ध हवी. झिलईचंही तसंच. युरोपने १९८४ मध्ये खाण्यापिण्याच्या सिरॅमिक भांड्यांसाठी नियम केला. भांड्यात ४ टक्के ॲसिटिक ॲसिड २४ तास ठेवायचं आणि त्यात किती शिसं व कॅडमियम उतरलं ते मोजायचं. पण हा नियम खाण्याच्या भांड्यांना आहे, फुलदाणीला नाही. त्यामुळे "जर्मन माल आहे हो, चांगलाच असणार" हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. बनवणाऱ्याने तुम्हाला फसवलेलं नाही. त्याने फुलदाणी विकली, तिची बरणी आपण केली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जुन्या फुलदाणीत, सुरईत, कान असलेल्या जगसारख्या दिसणाऱ्या भांड्यात खाण्यापिण्याचं काहीही ठेवू नये. एकदाही नाही, पाहुण्यांपुढे मिरवायलाही नाही. लिंबू, चिंच, कोकम, ताक, व्हिनेगर हे सगळं आम्ल शिसं ओढून काढतं. ऑनलाइन मिळणाऱ्या शिसं-तपासणीच्या पट्ट्यांवर विसंबू नका. त्या पृष्ठभागावरचं शिसं कधी दाखवतात, कधी नाही, आणि कॅडमियमबद्दल त्या काही सांगत नाहीत. रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला सगळ्यात जास्त धोका. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथे दहा-वीस वर्षं सहज मुक्काम करतं.

हे वाचून कपाटातली फुलदाणी चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकायला निघाला असाल तर थांबा. झिलईतलं शिसं काचेत बांधलेलं असतं, हात लावल्याने ते त्वचेतून आत जात नाही. शेल्फवरची अखंड फुलदाणी तुम्हाला काहीही करत नाही. टवका उडालेली, पापुद्रे सुटणारी असेल आणि घरात रांगतं मूल असेल तर मात्र ती वर ठेवा. आपल्याकडे शिसं येण्याच्या वाटा यापेक्षा बऱ्याच साध्या असतात: रंग चढवलेली भेसळीची हळद, काही शेंदूर, अशुद्ध कल्हई, जुना ऑइल पेंट, कुणीतरी दिलेली बिनलेबलची भस्मं. पोट दुखतंय आणि कारण सापडत नाही, अशा पेशंटला मी आता हे सगळं विचारतो. पूर्वी विचारत नव्हतो.

धोका खरा आहे तो भोक पाडण्यात. फुलदाणीचा लॅम्प करायचा म्हणून बुडाला ड्रिल मारतात, किंवा टवका पॉलिश पेपरने घासतात. त्या धुळीत सिलिका, शिसं, कॅडमियम सगळं असतं आणि ते थेट फुप्फुसात जातं. करू नका. हौस फिटतच नसेल तर माहीतगाराकडून पाणी सोडत ड्रिल करून घ्या.

आत बसलेला क्षार काढायला व्हिनेगर चालतं, पण ते ओतून द्या आणि तो ब्रश स्वयंपाकघरात परत आणू नका. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड एकत्र करून "जोरदार" स्वच्छता करणाऱ्या एका गृहस्थांना मी ऑक्सिजनवर ठेवलेलं आहे. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि पावसाळ्यात फुलदाणीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून काही महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. अरुंद गळ्याची असेल तर सरळ कोरडी फुलं ठेवा.

बाकी छंदाबद्दल माझं मत बदललेलं नाही. आम्ही डॉक्टर निवृत्तीला आलेल्यांना "छंद जोपासा" असं सांगून मोकळे होतो, जणू काही छंद मेडिकल स्टोअरमध्ये मिळतो. मला या फुलदाण्यांनी काय दिलं? रात्री मोबाईल सोडून दुसरं काहीतरी हातात घेण्याची सवय, थोडंसं जर्मन, आणि कार्ल्सरूहपासून ठाण्यापर्यंतचे चार मित्र, ज्यांच्याशी मी आजाराबद्दल एक शब्दही बोलत नाही. फक्त बजेट आणि कपाट दोन्ही ठरवून घ्या. माझं कपाट एकच आहे. नवीन घ्यायची तर एक जुनी कुणाला तरी द्यायची, असं बायकोने बजावलंय.

आजींना चिलेशनची औषधं द्यावी लागली नाहीत. स्रोत बंद केला आणि चार महिन्यांत शिसं निम्म्याच्या खाली आलं. हाडांत मुरलेलं हळूहळू रक्तात येत राहतं, म्हणून तपासण्या चालू आहेत. पोटदुखी थांबली, झोप लागते. मुलगा ती फुलदाणी फोडायला निघाला होता, मीच नको म्हटलं. त्यात आता मोरपिसं आहेत. लोणचं आईच्या जुन्या बरणीत गेलंय. मागच्या भेटीत आजी म्हणाल्या, "डॉक्टर, आता खुशाल उलटी करून बघा." पुढची तपासणी जानेवारीत आहे.