दुधाच्या बाटल्या आणि पत्त्यांची पाकिटं

अमेरिकेतल्या फिरत्या जत्रांमध्ये दुधाच्या बाटल्यांचा स्टॉल हमखास असतो. खाली दोन बाटल्या, त्यांवर एक. चेंडू मारून तिन्ही पाडल्या की भलामोठा टेडी तुमचा. बाटल्या दिसायला सारख्याच, पण खालची एक आतून जड केलेली असते आणि किंचित पुढे सरकवून ठेवलेली असते. चेंडू आधी तिच्यावर आदळतो, त्याचा सगळा जोर तिथेच जिरतो. चेंडूही हलका, आत बुचाचा भुसा. स्टॉलवाला स्वतः पाडून दाखवतो तेव्हा तीच जड बाटली वरच्या जागी गेलेली असते. शेजारच्या बास्केटबॉलच्या स्टॉलवर रिंग नेहमीपेक्षा लहान किंवा दाबून लंबगोल केलेली, चेंडूत हवा जरा जास्तच भरलेली. हातोडा मारून घंटा वाजवायच्या खेळात ठोकळा तारेवरून वर चढतो. तार सैल सोडली की पहिलवानाचाही ठोकळा अर्ध्यात अडकतो.

आपल्या जत्रांनी हे शिकायला अमेरिकेत जायची गरज नव्हती. छऱ्याच्या बंदुकीची माशी वाकडी असते हे फुगे फोडणाऱ्या प्रत्येक पोराला दुसऱ्या छऱ्यालाच कळतं. साबणाच्या वडीवर रिंग बरोब्बर बसते, पण घड्याळाखालच्या ठोकळ्यावर बसत नाही, आणि तरीही मुलगा बापाकडे आणखी दहा रुपये मागतो.

२००७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या कॅट डॅडी गेम्स या स्टुडिओने निन्टेन्डोच्या वी या गेम कन्सोलसाठी ‘कार्निव्हल गेम्स’ काढला आणि ही अख्खी जत्रा दिवाणखान्यात आणली. बाटल्या, रिंगा, हातोडा, फुगे, नेमबाजी, चढत्या पट्टीवरून चेंडू घरंगळवणं असे पंचवीसच्या वर खेळ. बक्षिसंही जत्रेसारखीच, छोटी साठवत जायची आणि बदल्यात मोठं घ्यायचं. टेक-टू या बड्या कंपनीच्या छत्राखाली आलेला हा गेम बऱ्याच समीक्षकांनी नापास केला. ग्राफिक्स जुनाट, खोली नाही, तासाभरात कंटाळा. लोकांनी मात्र तो उचलून घेतला, इतका की मिनी गोल्फ, नवी आवृत्ती, एक्सबॉक्सच्या किनेक्टवरची आवृत्ती, व्हीआर अशी रांगच लागली. २०१८ मध्ये स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी नवा ‘कार्निव्हल गेम्स’ आला, तोवर या मालिकेच्या जवळपास एक कोटी प्रती गेल्याचं कंपनी सांगत होती.

लोकांना अक्कल नाही, हे यावरचं समीक्षकांचं ठरलेलं उत्तर. मला ते कधीच पटलेलं नाही. समीक्षकाने हा गेम बहुधा एकट्याने खेळला, डेस्कवर, डेडलाइनच्या आधी. एकट्याने खेळला तर तो खरंच रटाळ आहे. त्यात मी त्यांच्या बाजूने आहे. पण एकटा माणूस जत्रेत गेला तर जत्राही रटाळच वाटते. रिंग फेकणाऱ्याइतकीच मजा ‘अरे डावीकडे, डावीकडे’ ओरडणाऱ्याला येत असते, आणि त्या ओरडण्याला गुण द्यायचा रकाना परीक्षणाच्या तक्त्यात नसतो.

आता लबाडीचं. गेममधल्या बाटलीत शिसं ओतायचं कारणच उरत नाही, कारण दर चेंडूमागे पैसे घ्यायचेच नसतात. डिस्कची किंमत दुकानात एकदा मोजली की स्टॉलवाल्याचा धंदा संपला. आता तुम्ही जिंकलात काय, हरलात काय, त्याला सारखंच. नेम चुकला तर तो खरोखर तुमचाच चुकलेला असतो. जत्रेच्या इतिहासात एवढा प्रामाणिक स्टॉल क्वचितच लागला असेल. पण या प्रामाणिकपणाने एक अडचणही आणली. पैसे जाण्याची धाकधूक गेली, खराखुरा टेडी गेला, मग हात थरथरावा तरी कशासाठी? या जातीचे बरेच गेम इथेच मार खातात. पडद्यावर नाणी, तारे, फटाके उधळतात आणि खेळणारा जांभई देतो.

वीवर ही अडचण सुटली ती रिमोटमुळे. त्या रिमोटमध्ये हालचाल मोजणारा ॲक्सेलेरोमीटर होता. हाताला झटका किती बसला, रिमोट किती कलला, एवढं त्याला कळायचं. हात नेमका कुठे आहे हे धड कळायचं नाही. ही कसर भरून काढायला २००९ मध्ये जायरोस्कोपचा वेगळा तुकडा विकायला आला. तोवर हातोड्याच्या खेळात नातू सोफ्यावर पाय पसरून नुसतं मनगट झटकायचा आणि उभं राहून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन घाव घालणाऱ्या आजोबांना हरवायचा. तंत्रज्ञान म्हणून हे कच्चंच. पण याच कच्चेपणामुळे सात वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आजी एका पातळीवर येतात, आणि आजोबांचा तो अनावश्यक आवेश हाच त्या संध्याकाळचा खरा कार्यक्रम ठरतो. अचूक यंत्राने ही गंमत मारली असती.

खेळ सैल केला की तो जास्त लोकांचा होतो, हे जत्रेलाही ठाऊक होतं. स्की-बॉल, म्हणजे चढत्या पट्टीवरून चेंडू घरंगळवून वर्तुळाकार भोकांत टाकायचा खेळ. त्याचं पेटंट १९०८ मधलं, न्यू जर्सीतल्या जोसेफ फॉरेस्टियर सिम्पसनचं. सुरुवातीची पट्टी तीस फुटांहून लांब होती, म्हणजे दणकट हाताचंच काम. पुढे ती निम्म्याहून आखूड केली आणि खेळ पोराबाळांचा झाला. कॅट डॅडीच्या जत्रेत तो ‘ॲली बॉल’ या नावाने आहे, कारण स्की-बॉल हा नोंदलेला ट्रेडमार्क.

हालचालींच्या खेळांची दुसरी बाजूही सांगायला हवी. वी बाजारात येऊन महिना होतो न होतो तोच लोकांच्या हातून रिमोट सुटून टीव्हीवर आदळायला लागले. डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोने ३२ लाख मनगटपट्टे बदलून जाड द्यायची तयारी दाखवली. त्याआधीचा किस्सा याहून नामी. निन्टेन्डोच्याच पहिल्या ‘मारिओ पार्टी’त काही छोट्या खेळांमध्ये कंट्रोलरची काडी गरागरा फिरवायची होती. मुलं ती तळहाताने फिरवायला लागली आणि तळहात सोलवटले, फोड आले. न्यू यॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी केली आणि २००० साली कंपनीने ग्राहकांना मोफत हातमोजे देण्याचं कबूल केलं. व्हिडिओ गेमसाठी हातमोजे! तरीही मला मारिओ पार्टी जत्रेच्या खेळांइतका आवडत नाही. त्यात शेवटी शेवटी नशिबाने तारे वाटले जातात आणि तासभर नीट खेळलेला माणूस हरतो. घरातली भांडणं मी सर्वांत जास्त त्यावरूनच झालेली पाहिली आहेत.

त्याच २००७ मध्ये ‘गेम पार्टी’ नावाचा आणखी एक गेम वीवर आला. डार्ट, स्की-बॉल, असलंच सगळं. तो काढला होता मिडवेने, ज्या कंपनीच्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधल्या रक्तपातामुळे अमेरिकी संसदेत सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये गेमना वयोगटाचे शिक्के मारायची पद्धत सुरू झाली. कणा उपसून काढणाऱ्या कंपनीने अखेरच्या दिवसांत आजी-नातवंडांसाठी डार्टबोर्ड लावावा, हे मला फार आवडतं. गेम मात्र वाईट होता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. कॅट डॅडी गेम्स हा स्टुडिओ पुढे काय करायला लागला? २०१४ मध्ये त्यांचा ‘डब्ल्यूडब्ल्यूई सुपरकार्ड’ फोनवर आला, नंतर बास्केटबॉलचे तसलेच गेम. डाउनलोड फुकट. आत पहिलवानांचे पत्ते, आणि पत्ते मिळतात बंद पाकिटातून. पाकीट फोडल्याशिवाय कोण निघेल ते कळत नाही, आणि घाई असेल तर पाकीट पैशाने घेता येतं. ज्या मंडळींनी जत्रेतून दर चेंडूमागचे पैसे काढून टाकले होते, त्यांनीच ते परत आणले. त्यांना एकट्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. सगळा धंदाच तिकडे वळला. पण दोन्ही दुकानांवर एकाच स्टुडिओची पाटी असल्यामुळे फरक फार स्वच्छ दिसतो.

बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’च्या एका आवृत्तीतल्या अशा पेट्या-पाकिटांना सरळ बेकायदा ठरवलं. ॲपलने त्याआधीच, २०१७ च्या अखेरीस, पाकिटातून काय निघण्याची शक्यता किती हे आकड्यांत जाहीर करण्याची अट घातली. चांगलं झालं, पण आकडे वाचून पाकीट न घेणारा दहा वर्षांचा मुलगा मला दाखवा. दुधाच्या बाटल्यांच्या स्टॉलवर निदान बाप शेजारी उभा असतो, खिशातल्या नोटा संपतात, मागचा माणूस ‘अहो, खालची जड आहे’ म्हणून मोकळा होतो. फोनवर कार्डाचा नंबर साठवलेला, मुलगा पांघरुणात, आणि मागे उभं राहून हटकणारं कुणी नाही. जत्रेची लबाडी तशीच राहिली आणि जत्रेतली माणसं तेवढी वगळली गेली.

आणि तरीही पालक मला विचारतात, ‘हे हातोडे-फुगे असले बालिश गेम विकत कशाला घ्यायचे, फोनवर फुकट केवढे तरी आहेत.’ त्यांना माझं म्हणणं एवढंच, की फुकट स्टॉल लावणारा आपलं भाडं कुठून काढतो ते आधी बघा.

सुट्टीत घरच्या सगळ्यांना मिळून खेळायला काय घ्यावं, असं विचारणाऱ्या पत्रांना उत्तर: घरात स्विच असेल (आपल्याकडे तो बहुधा परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून उतरलेला असतो), तर २०१८ चा ‘कार्निव्हल गेम्स’ घ्या. वीस खेळ आहेत, चौघांना खेळता येतं, हात हलवून खेळता येतं. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही तो आहे, पण तिथे सगळं काडी-बटणांवर आलं आणि आजोबांना घाव घालायला जागाच उरली नाही. ती आवृत्ती घेऊ नका. जुना वी माळ्यावर पडला असेल तर खाली काढा, पहिली डिस्क जुन्या गेमच्या दुकानात शोधा. एका बैठकीत पाऊण तासाहून जास्त खेळू नका, समीक्षकांची कंटाळ्याची तक्रार खोटी नव्हती. आणि मनगटाचा पट्टा सगळ्यांनी बांधा, मोठ्यांनी आधी.