ट्रॅक्टर मागे येतोय, हे कानाला कळू द्या

शेतकरी बंधूंनो, आपल्या ट्रॅक्टरला पुढच्या माणसासाठी हॉर्न आहे. मागच्यासाठी काय आहे? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. आणि ट्रॅक्टर पोराबाळांच्या, जनावरांच्या सर्वांत जवळ जातो तो मागे येतानाच. गोठ्यापाशी शेणखत भरायला ट्रॉली लावताना, वस्तीवरच्या अंगणात वळवताना, उसाच्या फडात रिकामी ट्रॉली आत घालताना. फडात तर टोळीची लहान मुलं पाचटाच्या सावलीला झोपवलेली असतात. ट्रॉली जोडली की तिच्या मागच्या फळ्याखालचं ड्रायव्हरला दिसत नाही. पटत नसेल तर एकदा सीटवर बसून बघा.

मोटारींच्या बाबतीत सरकारने हे ओळखलं. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे घेताना अडथळ्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. शेतीचा ट्रॅक्टर त्या नियमात नाही. म्हणून आपण वाट बघत बसायचं का? गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम अर्ध्या दिवसात करतो, आणि सामान काही शे रुपयांचं.

गिअर लिव्हर रिव्हर्सला पूर्ण गेली की दाबला जाईल असा एक स्विच पट्टीवर बसवायचा. किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या वायरमधून फ्यूज घालून करंट स्विचला आणायचा, तिथून बझरला, आणि बझरची दुसरी वायर चेसिसला. स्विच दाबल्यावर करंट जोडणारा हवा. ब्रेकलाईटचा स्विच पुष्कळदा उलटा असतो, सोडल्यावर जोडतो. तो लावलात तर रिव्हर्स सोडून बाकी सगळ्या गिअरमध्ये बझर ओरडेल. चिखल-पाण्यासाठी स्विचला रबरी टोपी घाला. गिअरबॉक्सला भोक मात्र पाडू देऊ नका.

एक बझर सीटखाली मागे तोंड करून लावा, दुसरा ट्रॉलीच्या शेपटाला. ट्रॉलीच्या दिव्यांची जी पिन आपण जोडतो, तिच्यातूनच एक जादा वायर काढता येते. ट्रॉलीमागच्या माणसाला सीटखालचा आवाज इंजिनाच्या आवाजात पोचत नाही, म्हणून हा दुसरा.

आता टेपचं बोलू. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर लग्नाच्या वरातीला पुरतील एवढे स्पीकर असतात. त्यात बझर कुणाला ऐकू येणार? पाच पायांचा एक रिले घाला. बझरच्या करंटवर रिले ओढला गेला की टेपचा करंट तुटतो. रिव्हर्स पडला की गाणं बंद, बझर चालू. गिअर काढला की गाणं पुन्हा सुरू. ड्रायव्हर पोरं कुरकुरतील. कुरकुरू द्या.

बझर साधा टीं-टीं वाजणारा घ्या. गाण्याची धून वाजवणारे मिळतात, ते घेऊ नका. एक तर एकामागून एक वेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे. आणि धून ऐकून पोरं लांब पळत नाहीत, जवळ धावतात!

काहीजण म्हणतात, रानात रोटाव्हेटर मारताना सारखं मागे-पुढे करावं लागतं, कान किटतात, बंद करायला एक बटण ठेवू. माझ्या मते बटण ठेवूच नये. रानात बंद केलेलं बटण वस्तीवर आल्यावर चालू करायचं कुणाच्या ध्यानात राहतं?

आणखी एक बघा. ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर आणि दांडीच्या मध्ये पिन घेऊन उभा राहणारा गडी बझरने वाचत नाही. त्याला बाजूलाच उभा करा. ट्रॅक्टर थांबला, गिअर न्यूट्रल झाला, ब्रेक अडकवला, की मगच त्याने आत यावं.

गळीत हंगामाच्या तोंडावर कारखान्यांवर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात. त्याच दिवशी तिथे दोन इलेक्ट्रिशियन बसवले तर किती ट्रॉल्यांना बझर लागतील! वाहतुकीचा करार करतानाच ही अट का घालू नये? आणि सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी मंडळी, आपण कारखान्याची वाट बघू नका. आपल्या पंचायतीच्या पाण्याच्या टँकरपासून सुरुवात करा. उन्हाळ्यात तो रोज घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायापोरांच्या गर्दीत मागे घ्यावा लागतो.