संकटाची बेगमी

दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. २०२४ च्या दिवाळीत बडोद्यातील पुष्कळ घरांना हा रंग अधिक आस्थेने देण्यात आला; कारण त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात विश्वामित्रीचे पाणी घरात शिरून भिंतींवर एक मातकट रेघ ओढून गेले होते. कोठे ती गुडघ्याएवढ्या उंचीवर होती, कोठे कमरेएवढ्या, तर कोठे खिडकीच्या चौकटीला टेकली होती. रंगाचा हात फिरला आणि रेघ दिसेनाशी झाली. भिंत स्वच्छ झाली हे चांगलेच झाले. परंतु त्या रेघेबरोबर तिच्यापासून घ्यावयाचा धडाही आपण पुसून टाकला की काय, अशी शंका आम्हां विद्यार्थ्यांस येते. ती वाचकांपुढे मांडावी, एवढ्याचसाठी हा लेख.

बडोद्याला पूर नवा नाही. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसरात्रीत येथे ४९९ मिलिमीटर, म्हणजे सुमारे वीस इंच पाऊस पडला. २०२४ मध्ये ऐन जन्माष्टमीच्या दिवशी, २६ ऑगस्टला, आभाळ असेच कोसळले; आणि पुढे विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली. सयाजीगंज, फतेहगंज, समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर अशा कितीतरी वस्त्या जलमय झाल्या. लष्कराच्या व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी होड्यांतून माणसे बाहेर काढली. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत लोकवस्तीतून २४ मगरी पकडण्यात आल्या. ओसरीवर मगर तर नाही ना, हे पाहून दार उघडण्याचा प्रसंग जगातील फार थोड्या शहरांतील गृहिणींवर येत असेल!

आमच्या नदीचा स्वभाव ज्याने त्याने ओळखून ठेवावा असा आहे. विश्वामित्री पावागडावर उगम पावते, नागमोडी वळणे घेत शहराच्या मधून वाहते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधविलेले आजवा सरोवर तुडुंब भरले, की त्याचे जादा पाणीही अखेर विश्वामित्रीतच येते. त्यामुळे शहरातील पाऊस थांबल्यावरही नदी काही काळ चढत राहते. आकाश निवळले म्हणजे संकट टळले, असे समजून जो निर्धास्तपणे झोपी जातो, त्याला मध्यरात्री पाण्यात पाय टाकून जागे व्हावे लागते. पुरात अनेकांची फसगत झाली ती नेमकी येथेच.

आता आमच्याच वर्गातील एका मैत्रिणीच्या घरची हकीगत सांगतो. त्या रात्री तिचे वडील परगावी होते. घरात आई, मधुमेहाने आजारी असलेली आजी आणि दोघी बहिणी. पाणी उंबऱ्याशी आले तेव्हा विजेचे मुख्य बटण कोणते, हे आईला ठाऊक नव्हते. कारण ते काम नेहमी वडीलच करीत. बॅटरी घरात होती. पण ती कोणत्या खणात आहे हेही वडिलांनाच माहीत. रेशनकार्ड, घराचे दस्तऐवज आणि मुलींची शाळेची प्रमाणपत्रे कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात होती. ती सर्वांत आधी भिजली. आजीचे इन्सुलिन शीतकपाटात होते आणि वीज तर दोन दिवस आलीच नाही. मोबाइल बंद पडला तेव्हा उमगले, की काकांचा क्रमांक कोणालाच तोंडपाठ नाही. या सर्वांवर कडी म्हणजे आजी घर सोडण्यास तयार होईना. "इतकी वर्षे या घरात काढली, कधी पाणी शिरले नाही, आता थोडेच चढणार आहे?" असे ती म्हणत राहिली आणि तिची समजूत घालण्यात मोलाचा तास निघून गेला. शेजारच्या इमारतीतील दोन तरुणांनी तिला खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेले, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

वाचकांनी पाहावे, की त्या घरात वस्तूंची वाण नव्हती. बॅटरी होती, औषध होते, कागदपत्रे होती, नातेवाईकही होते. नव्हता तो केवळ आधी करून ठेवलेला निर्णय. आमच्या म्हणण्याचे सार हेच आहे. संकटाची तयारी म्हणजे बाजारातून आणलेल्या सामानाची पेटी एवढाच अर्थ नव्हे. कोणी काय करावयाचे आणि केव्हा करावयाचे, हे कोरड्या दिवसांत ठरवून ठेवणे हा तिचा गाभा होय.

हे काही पाश्चात्त्यांकडून उसने घेतलेले खूळ नव्हे. आपल्या भाषेत 'बेगमी' हा सुंदर शब्द पूर्वीपासून आहे. आमच्या आज्या-पणज्या उन्हाळ्यातच वर्षाचे तिखट कुटीत, पापड-कुरडया वाळवीत, धान्य निवडून कोठ्या भरीत. पावसाळ्यापूर्वी सरपण आडोशाला जाई आणि कौले चाळली जात. त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही. उलट जिची बेगमी चोख, ती गृहिणी सुगरण, असाच लौकिक होता. घरावर येणाऱ्या संकटाची बेगमीही याच पंक्तीत बसली पाहिजे. राज्यकर्त्यांनाही ती शोभते. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, सयाजीराव महाराजांनी दुष्काळी मुलखात स्वतः फिरून पाहणी केली आणि त्या दौऱ्याची टिपणे १९०१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. संकट ओसरल्यावर ते विसरून न जाता लिहून ठेवावे, हा वस्तुपाठ आमच्या शहराला घरातूनच मिळालेला आहे.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भूकंप झाला, हजारो माणसे प्राणास मुकली आणि त्याचे हादरे बडोद्यापर्यंत जाणवले. त्यानंतर गुजरात सरकारने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले व २००३ मध्ये त्याविषयीचा कायदा केला. देशाचा कायदा २००५ मध्ये आला. सरकार शिकले, घरांनी मात्र अद्याप धडा गिरविलेला नाही.

याचे एक कारण असे, की आपल्याकडे घरात अशुभ बोलणे वर्ज्य मानतात. 'पूर आला तर' असे शब्द मुलाने उच्चारले, की "भरल्या घरात असे बोलू नये" म्हणून आजी त्याला दटावते. या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. ती मायेपोटी आलेली आहे. परंतु आयुर्विम्याचा हप्ता भरताना कोणी मरणाला निमंत्रण देत नाही, तसेच पुराचा विचार केल्याने पूर येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा थोडे अशुभ बोलून घेतलेले बरे.

तर मग घराने करावे तरी काय? आमच्या मते प्रथम एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसावे. विजेचे मुख्य बटण व गॅसचा रेग्युलेटर बंद करण्यास घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने शिकावे आणि त्या कामासाठी एकाचे नाव नक्की करावे. मात्र पाणी बटणापर्यंत पोहोचले असेल किंवा हातपाय ओले असतील, तर त्याला कोणीही हात लावू नये. म्हणूनच ते काम पाणी अंगणात असतानाच उरकावे. आजी-आजोबांना कोणी सांभाळावयाचे, कागदपत्रांची पिशवी कोणी उचलावयाची, हेही ठरवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निघण्याची खूण ठरवावी. पाणी अमुक पायरीला लागले की घर सोडावयाचे. मग वाद नाही, मतदान नाही. ही खूण आजीच्याच तोंडून वदवून घ्यावी, म्हणजे ऐन वेळी तिचा शब्द तिलाच मोडवणार नाही.

त्यानंतर सामान. पिण्याचे पाणी दर माणशी दररोज निदान तीन-चार लिटर, असे तीन दिवसांचे. चौघांच्या घराला सुमारे पन्नास लिटर. फुटाणे, गूळ, शेंगदाणे, चिवडा, खाखरे असे शिजविल्यावाचून खाता येण्याजोगे जिन्नस. बॅटरी व तिचे सेल, काडेपेटी, दोरी आणि शिट्टी. ओरडून घसा बसतो, शिट्टी मात्र दूरवर ऐकू जाते. रोजच्या औषधांचा आठवड्याचा साठा, क्षार-साखरेची पाकिटे आणि पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या. इन्सुलिनसारखे औषध वीज गेल्यावर कसे टिकवावे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. महत्त्वाची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या फळीवर ठेवावीत व त्यांच्या प्रती परगावच्या एखाद्या नातेवाइकाकडे द्याव्यात. ११२ हा संकटकाळचा, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक, त्याखाली आप्तांचे क्रमांक, असा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. उंच कपाटे भिंतीला पक्की जखडावीत आणि जड भांडी माळ्यावरून खाली घ्यावीत. भूकंपात माणसे पडत्या भिंतींप्रमाणे पडत्या सामानानेही जखमी होतात.

ही व्यवस्था वर्षातून दोनदा तपासावी. पहिल्यांदा मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आणि दुसऱ्यांदा २६ जानेवारीस. ध्वजवंदन करून घरी आल्यावर अर्धा तास या कामास दिला, तर कच्छच्या भूकंपात मृत्यू पावलेल्यांचे ते यथोचित स्मरण होईल.

येथे कोणी म्हणेल, की नदीला पूर येऊ न देणे हे महानगरपालिकेचे व सरकारचे काम. त्याचा भार घरातील बायका-मुलांवर का टाकता? हा आक्षेप आम्हांस अगदीच गैरवाजवी वाटत नाही. नदीकाठच्या सखल जागा व कोतरे बुजवून त्यांवर बांधकामे उभी राहिली, की पाणी दुसरीकडे वाट शोधणारच. पात्र मोकळे राहिले पाहिजे, इशारा वेळेवर मिळाला पाहिजे, अशी मागणी नागरिकांनी सतत केली पाहिजे. घराने केलेली तयारी म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेली माफी नव्हे. तथापि इशारा वेळेवर मिळाला, तरी तो ऐकून कोणी काय करावयाचे हे घरातच ठरलेले असावे लागते. सरकारची होडी दारापर्यंत येईल. आजी कोणत्या खोलीत आहे आणि तिला कोणते औषध लागते, हे होडीवाल्याला घरच्यांनीच सांगावे लागेल.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो आमच्याच मनात आला. पन्नास लिटर पाणी व आठवड्याची औषधे साठविण्यास जागा हवी, पैसा हवा. नदीकाठी एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने वरची फळी कोठून आणावी? आमच्या घरी धुण्याभांड्यांस येणाऱ्या मावशी अशाच वस्तीत राहतात. पुरानंतर चौथ्या दिवशी त्या कामावर आल्या, तेव्हा आमच्या घरातील चिखल काढून झाल्यावर मगच त्यांनी सांगितले, की त्यांच्या घरातील चिखल अजून तसाच आहे. आम्हांस त्या दिवशी वाटलेली लाज अद्याप गेलेली नाही. ज्या घराची तयारी स्वतःच्या उंबऱ्याशी संपते, ती तयारी अपुरी, असे आमचे ठाम मत झाले ते तेव्हापासून. ज्यांना वरचा मजला आहे, त्यांनी आपल्या यादीत ज्यांना तो नाही अशा एका कुटुंबाचे नाव घालावे आणि "पाणी चढू लागले की आमच्याकडे या" असे त्यांना पावसाळ्यापूर्वीच सांगून ठेवावे. ऐन पुरात कोणी आपण होऊन दार ठोठावीत नाही. संकोच आड येतो.

२०१९ च्या पुरात एका पोलीस अधिकाऱ्याने लहानग्या बाळाला प्लॅस्टिकच्या टपात ठेवून, तो टप डोक्यावर घेऊन खांद्याएवढ्या पाण्यातून बाहेर आणले. ते छायाचित्र पाहून अनेकांना वसुदेवाची आठवण झाली. तसा टप आपल्या प्रत्येकाच्या न्हाणीघरात आहे. त्याचा उपयोग वेळेवर सुचावा आणि तो उचलणारे हात जवळपास असावेत, यासाठीच हा सारा खटाटोप.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, हे काम आपण अंगावर घेऊ या. वडीलधाऱ्यांस उपदेश करणे आपल्याला शोभणार नाही. पण कागद-पेन्सिल घेऊन आजीजवळ बसणे खचित शोभेल. २०२४ मध्ये पाणी कोठवर आले होते, हे तिला विचारा. रंग दिलेल्या भिंतीवर नको. दाराच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी, तेवढ्याच उंचीवर एक बारीक रेघ ओढा आणि शेजारी सन लिहा. आपल्या घरी पाणी आलेच नसेल, तर ज्यांच्या घरी आले त्यांना विचारा आणि आपल्या घरी त्यांच्यासाठी किती जागा आहे ते मोजा. पुढील वर्षीच्या अंकासाठी आम्ही एवढेच विचारणार आहोत, की आपल्यापैकी किती जणांनी हे केले.