करार झाला होता!

चिनी लष्कराने १ एप्रिल २०२५ रोजी तैवानभोवती पुन्हा युद्धनौका आणि विमाने उभी केली. सोबतच्या चित्रफितीत तैवानचे अध्यक्ष लाय चिंग-ते हिरवा किडा झाले आहेत आणि जेवणाच्या काड्यांत धरून त्यांना जळत्या बेटावर भाजले जात आहे. लोकांनी निवडून दिलेल्या नेत्याला किडा ठरवायचे आणि तोंडाने ‘शांततामय एकीकरण’ म्हणायचे, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

ज्या यादवीतून हा तंटा उरला, ती टाळून शांततेची संधी चीनला मिळाली होती. ऑगस्ट १९४५ मध्ये कम्युनिस्टांचे नेते माओ विमानाने सरकारच्या तेव्हाच्या राजधानीत, चुंगकिंगला उतरले. सहा आठवडे बोलणी चालली. माओ आणि सरकारचे प्रमुख च्यांग कै-शेक पेले हातात घेऊन समोरासमोर उभे आहेत, ते छायाचित्र आजही पाहता येते. जानेवारी १९४६ मध्ये युद्धबंदी झाली, संमिश्र सरकारचा आराखडा ठरला. फेब्रुवारीत अमेरिकेचे दूत मार्शल यांच्या मध्यस्थीने फौजेचा हिशेबही कागदावर आला: सरकारच्या ५० डिव्हिजन, कम्युनिस्टांच्या १०. करार झाला होता! तो मोडला, कारण ईशान्येकडचा मांचुरिया आपणच बळकावू, ही खुमखुमी दोन्हीकडे होती. जानेवारी १९४७ मध्ये मार्शल रिकाम्या हाताने परतले.

करार टिकता तर चीनमध्ये लोकशाही नांदली असती, असे आम्ही म्हणत नाही. च्यांग हुकूमशहाच होते. पण १९४८ मध्ये कम्युनिस्टांचा वेढा पडलेल्या मांचुरियातल्या चांगचुनमध्ये लाखाहून अधिक नागरिक उपाशी मेले नसते. शहर सोडून निघालेल्या बायकापोरांना कम्युनिस्ट फौज पुढे जाऊ देईना, शहरातले सरकारी सैनिक परत आत घेईनात. दोन फौजांमधल्या पट्ट्यात झाडपाला खात ती माणसे मेली. जाब विचारणारा दुसरा पक्ष उरला असता, तर दहा वर्षांनी माओंच्या ‘मोठी झेप’ या मोहिमेतला दुष्काळही इतका दडपता आला नसता. हे सारे अटळच होते असे सांगणाऱ्या पंडितांचा आम्हाला संताप येतो. सही केलेला करार माणसांनी मोडला.

नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारचे शिष्टमंडळ कम्युनिस्टांशी तहासाठी पेकिंगला (आजच्या बीजिंगला) उतरले तेही १ एप्रिललाच, १९४९ साली. त्याच्यापुढे शरणागतीचा मसुदा आणि २० एप्रिलची मुदत ठेवली गेली. त्याच रात्री कम्युनिस्ट फौजा यांगत्से नदी ओलांडू लागल्या, २३ तारखेला नानजिंग पडले. तोफांचा तोच धाक आज तैवानला दाखवला जात आहे. बीजिंगने हा धाक थांबवावा आणि लाय यांच्या सरकारशी विनाअट बोलावे. दिल्लीनेही हे उघडपणे म्हणावे.